तीन घाव पुसलेली कुऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे. खरे म्हणजे नुसते पाते, दांडा कधीच कुजला. लोणावळ्यात सबनीस मास्तरांच्या काचेच्या कपाटात मी पडून असते. माझ्यापुढे चिठ्ठी लावली आहे : 'शिवकालीन. मावळ्याचे शस्त्र.' ती वाचून लोक मला हात जोडतात. हसावे की रडावे? मी जन्मले १९११ साली, कामशेतच्या लोहाराकडे!

कुरवंड्याच्या अंबाजीने मला घडवून घेतले. रानात दहा जणांच्या कुऱ्हाडी एकत्र पडत आणि अदलाबदल होई, म्हणून लोहाराने छिन्नीने माझ्या पात्यावर तीन घाव घातले. ती अंबाजीच्या घरची खूण. दिवसभर मी कोळशाच्या भट्टीसाठी लाकडे तोडी. संध्याकाळी त्याची बायको बयाबाई मला पुसून कोनाड्यात ठेवी. दहा वर्षे मी मानाने राबले.

१९२१च्या भाद्रपदात, दाट धुक्यात, नागफणीच्या कड्यावर अंबाजीचा पाय घसरला. त्याच्याबरोबर मीही घळीत कोसळले. तो माझ्यापासून सहा हातांवर पडला आणि पुन्हा उठला नाही. गावाने चार दिवस शोधले, हे मी पुष्कळ पुढे मास्तरांच्या पडवीत ऐकले. मग तेच लोक म्हणू लागले, "मुंबईत दुसरं बिऱ्हाड केलं आसंल त्यानं." लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? बयाबाई ऐकून घेई. कुंकू लावावे की पुसावे, हेही तिला कळेना.

दहा वर्षांनी सबनीस मास्तर जुन्या वस्तू धुंडाळत त्या घळीत आले. अंबाजी तोवर मातीखाली गेला होता; मातीतून माझे टोक दिसताच त्यांना केवढा आनंद झाला! घरी नेऊन त्यांनी मला चिंच लावून विटकरीने घासले. उरलेला गंज कानशीने खरवडला. गंजाबरोबर माझे तीन घावही गेले. याला ते जतन म्हणतात.

पुढच्या उन्हाळ्यात बयाबाई करवंदे विकायला त्यांच्या दारी आली. मास्तर पडवीत पाहुण्यांना मला दाखवत होते. तिने मला पाहिले आणि पाटी खाली ठेवली.

"मास्तर, ही आमच्या धन्याची कुऱ्हाड हाय. तीन घाव हायेत बगा तिच्यावर."

"कुठे आहेत? दाखव."

तिने पात्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवले. पाते गुळगुळीत होते.

"बाई, ही अडीचशे वर्षांपूर्वीची आहे. तुझ्या नवऱ्याची कशी असेल?" पाहुणे हसले.

"ऱ्हाऊ द्या तुमालाच. कुटं गावली, येवडं तरी सांगा. तितं तेबी आसत्याल."

"त्या साली तीन-चार घळी पालथ्या घातल्या. आता कोणती, ते काय आठवणार?"

मला जागा ठाऊक होती. पण लोखंडाला तोंड कुठले! बयाबाईने पाटी उचलली आणि ती गेली.

परवा दूध घालणारी मुक्ताबाई सांगत होती, "बयाबाई गेली. कपाळाला कुकू लावून गेली बगा, हिरवं लुगडं नेसवलं तिला. लय भाग्याची." मास्तर तेव्हा मला तेल लावत होते.

मित्रांनो, मातीतून काही काढाल तर गंज घासण्याआधी खूण पाहा आणि जागा लिहून ठेवा. कोणी 'ही आमची' म्हणत दारी आले, तर निदान हसू नका. मला दरवर्षी तेल मिळते. अंबाजी अजून त्या घळीतच आहे.