संत लुसिया महाराज

डोंबिवलीतल्या कृतिकाच्या बिल्डिंगचं नाव सेंट लुसिया टॉवर. बिल्डर कधीतरी क्रूझवर गेलेला, तिथे सेंट लुसिया नावाचं बेट, म्हणजे एक चिमुकला देशच, त्याच्या डोळ्यांत भरलं. संतांशी त्याचा संबंध इतकाच. समोरची बिल्डिंग सांता क्लारा. नावात सांता आहे म्हणून नाताळात तिथले लोक गेटवर कापसाच्या दाढीवाला सांताक्लॉज उभा करतात. खरं तर सांता म्हणजे संत, आणि क्लारा बिचारी इटलीतली संन्यासिनी! पण अकलेचे दिवे फक्त समोरच पाजळत होते असं नाही.

मराठी पाटी करायची ठरली. सेक्रेटरी सलिलकाका म्हणजे रिटायर्ड बँक मॅनेजर, ऱ्हस्व-दीर्घावरून अख्ख्या ग्रुपला झापणारे. त्यांनीच पाटीचा नमुना ग्रुपवर टाकला: ‘एस. टी. लुसिया टॉवर’.

कृतिका हसत हसतच त्यांच्या दारात.

“काका, आपल्याकडे एसटी कधीपासून थांबायला लागली?”

“इंग्रजीत एस आणि टी आहे ना? मग?”

“अहो, ते सेंट! म्हणजे संत.”

“असं होय!” काकांना भक्तीचा उमाळाच आला. “मग रविवारी अनावरणाला तूच बोल. चार ओळी मी लिहून देतो.”

कृतिका हवेत! दहावीत गेली तरी सोसायटीचा माइक तिला कधी मिळाला नव्हता. मुलींनी आरतीचं तबक धरायचं आणि भाषणं तिसऱ्या मजल्यावरच्या बंटीनं ठोकायची, हा इथला कायदा. तिनं लुसियाबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

रविवारी पडदा सरकला. ‘संत लुसिया महाराज टॉवर’.

हातातल्या कागदावर काकांचं वळणदार अक्षर: ‘महाराजांनी तरुणपणीच घरदार सोडून...’

“वाच, वाच,” काका खालून खुणावत होते. वाचलं तर माइक पुन्हा मिळणार. नाही वाचलं तर जन्मभर तबक. कृतिकानं कागदाची घडी घातली.

“महाराज नाही, बाई आहे ती! सिसिलीतली मुलगी. ठरवलेल्या लग्नाला नाही म्हणाली, म्हणून तिचा जीव घेतला. आज अख्ख्या देशाला तिचं नाव आहे. आणि आपण तिला मिशा लावल्या.”

“कृतिका!” काका उसळले. “संत आणि बाई?”

“मग मुक्ताबाई, जनाबाई कोण होत्या? पैलवान?”

तळमजल्यावरच्या गोदूबाईंनी मांडीवर थाप मारली. “मंग लिवा की लुसियाबाई! त्यात काय अडलंय एवढं?”

सगळं अंगण खदखदलं. काकांनी माइक हिसकावून बंटीला दिला. बंटीनं आभार मानले: पेंटरचे, केटररचे आणि ‘पूज्य महाराजांचे’. धन्य!

ग्रुपवर रात्रभर ‘लुसियाबाई’च गाजत राहिल्या, तेव्हा सोमवारी काकांनाच पेंटर बोलवावा लागला. तो शिडीवर चढला, त्यानं महाराज खरवडले आणि खाली उभ्या कृतिकाकडे बघून म्हणाला, “ताई, आता काय टाकू?”

“बाई टाका. लुसियाला जोडून.”

गणपतीत काका तबक घेऊन येणार, हे कृतिकाला पक्कं ठाऊक होतं. येऊ देत. ती म्हणणार होती, “बंटीला द्या, काका. त्याला शोभेल.”