दादाच्या डोळ्यांची शेड

दादा रंगाच्या दुकानात रंग जुळवायचा. गिऱ्हाइकाने भिंतीचा पोपडा आणून दिला की हुबेहूब तोच रंग डब्यात उतरवणार. नजरेचा तोरा इतका, की दुकानातल्या मशीनलासुद्धा नाकं मुरडायचा. आणि याच महाशयांना आठ दिवस आरशात स्वतःचे डोळे दिसले नाहीत!

धाकट्या बहिणीला तो किडनी देणार होता. दीड वर्ष ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या सुया सोसत होती. तपासण्या जुळल्या, ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि दादाच्या डोक्यात शिरलं की द्यायचीच तर ठणठणीत किडनी द्यावी. जिमवाल्या मित्राने हिरव्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या. डबीवर लिहिलं होतं, दिवसाला एक. हा सहा गिळायचा. वहिनी ओरडली तर म्हणे, "अगं, पाला आहे पाला! शेळ्या मरतात का पाला खाऊन?" घ्या, झाले वैद्यराज!

हॉस्पिटलच्या फॉर्मवर विचारलं होतं, सध्या कोणती औषधं घेता? दादाने झोकात लिहिलं, 'एकही नाही'. पाला कुठे औषधात मोडतो!

भरती व्हायच्या आदल्या दिवशी तो धाकटीला भेटायला गेला. ती मशीनला जोडलेली. त्याच्याकडे बघितलं आणि बघतच राहिली.

"दादा, तुझ्या खिशातलं ते रंगांचं शेडकार्ड दे बघू."

मोकळ्या हाताने तिने ते उलगडलं, ट्यूबलाइटखाली त्याच्या गालाशी धरलं.

"सिस्टर, ही चौथी पट्टी बघा आणि याचे डोळे बघा."

पिवळीधमक. अगदी हुबेहूब.

संध्याकाळी रिपोर्ट आले. लिव्हरला चांगलीच सूज होती. डॉक्टरांनी कॅप्सूलची डबी वाचली, मग तो फॉर्म वाचला आणि कपाळावर हात मारला. लिव्हर बहुतेक सावरेल, म्हणाले, पण ऑपरेशन रद्द. पुढचं आत्ता काही सांगता येणार नाही, दुसरं कोणी देणारं मिळतंय का बघायला लागा.

"पण डॉक्टर, नैसर्गिक आहे हो ते," दादाचं आपलं चालूच.

धाकटीने इतका वेळ संताप आवरला होता. आता आवरेना.

"दादा, मी तुझ्याकडे किडनी मागितली होती. पैलवान किडनी नव्हती मागितली. होती तशी चालली असती मला."

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र परवाच्या डायलिसिसची वेळ विचारायला काउंटरकडे निघाली होती.