खांबातला कोनाडा

२०२३ सालची गोष्ट. शहराच्या नव्या नावाच्या पाट्या लागत होत्या. आमच्या इमारतीला तीस वर्षं उलटलेली, म्हणून कायद्यानं तपासणी करून देखभालीचा आराखडा द्यायचा होता. तळमजल्यावर मी एकटीच राहत होते. हे जाऊन सात वर्षं झाली होती.

सेक्रेटरी सांडूभाऊंनी आराखडा तयारच ठेवला होता. तपासणीला आलेली इंजिनिअर राजनंदिनी माझ्या दारात उभी राहून तो वाचत होती.

"काका, लिफ्टला दर सहा महिन्यांनी ग्रीस लावता?"

"लावतो की."

"लिफ्ट कुठंय?"

सांडूभाऊ जिन्याकडं बघायला लागले. "शेजारच्या सोसायटीचा उतरवून घेतला, मॅडम. समदे असंच करतात."

"मग दुरुस्तीही त्यांच्याच इमारतीची करा. इथं सगळ्यात जुनं कोण राहतं?"

"ह्या गीताबाई. यांना लई आठवतं."

ती माझ्याकडं दोन तास बसली. गच्ची कोणत्या साली गळली, पाण्याचा पाइप कुठल्या भिंतीतून गेलाय, मी सांगत होते आणि ती लिहून घेत होती. चहा दोनदा झाला. इतकं मला कुणी कित्येक वर्षांत विचारलं नव्हतं.

मग म्हणाली, "आजी, घरात कधी काही तोडफोड?"

"नाही" अगदी ओठावर आलं होतं. पुढच्या खोलीत पडद्याआड इमारतीचा खांब होता. राहायला आलो तेव्हा ह्यांनी छिन्नीनं त्यातच बुद्धमूर्तीसाठी कोनाडा कोरला होता. वाळूजच्या कारखान्यात फिटर होते, हात सफाईदार. सळया दिसल्या तेव्हा वरून चुना फासला. रोज तिथं मी मेणबत्ती लावायची. सांगितलं तर घर सोडावं लागणार होतं. पण वर तीन मजले भरून संसार होते.

मी पडदा सरकवला. तिनं सळईला बोट लावलं, तर गंजाचा पापुद्रा खाली पडला.

"घर रिकामं करावं लागेल, आजी."

"व्हय," मी म्हटलं.

खांबाला बाहेरून नवं काँक्रीट चढवलं. कामाला वर्ष गेलं. राजनंदिनीचा आराखडा चाळीस पानांचा झाला, सगळा आमच्याच इमारतीचा. ती आता पुण्याला असते. सुरुवातीला दोनदा फोन आला होता. सांडूभाऊ अजून सेक्रेटरी आहेत आणि दर दिवाळीआधी घरोघर जाऊन कुठं गळतंय, काय तोडलंय ते विचारतात. माझी मुलगी रूपाली म्हणाली, आता एकटीनं राहायचं नाही. तिनं ते घर भाड्यानं दिलं. मी शेंद्र्याला पुतण्याकडं, सम्यककडं, असते. तो आणि सूनबाई दोघंही कारखान्यात, शिफ्ट वेगवेगळ्या. जे घरी असतं, ते झोपलेलं असतं.