पोळपाट कोणासाठी रडला?

सौदीतल्या समुद्रकाठच्या रास तनुरा गावी एका व्हिलाच्या अंगणात नुसती झुंबड उडाली होती. एसीतून बाहेर पडताच जो तो चष्म्यावरची वाफ पुसत पुढे घुसत होता. मधोमध टेबलावर एक संगमरवरी पाटी होती, आणि पाटी चक्क रडत होती!

"रोमच्या भुयारी कबरस्तानातली ही पाटी!" पाटीचा मालक दौलतराव डोळे मिटून म्हणाला. "हुतात्म्याच्या कबरीवरची! पहिले ख्रिस्ती हिच्यापुढे प्रार्थना करायचे. भुयारातल्या गारव्याची सवय हिला, म्हणून बर्फाच्या पेटीत ठेवतो. हे अश्रू प्या. साखर, बीपी, मूतखडा... खलास!"

पिणारे कोण? तर पुण्या-नाशिकचे इंजिनिअर. दिवसभर इथल्या कारखान्यात वाफेचं पाणी करणारी ही हुशार मंडळी संध्याकाळी वाटी घेऊन रांगेत! डिग्र्या काय भिंतीवर टांगायला घेतल्या होत्या?

रांगेत कमलाकरही होता. परवापासून त्याने इन्सुलिन बंद केलं होतं. तोंडाला कोरड, पाय लटपटत होते. त्याची बायको सुनेत्रा शाळेत विज्ञान शिकवायची. बिचारी रडून-भांडून थकली. "दवाखान्यात चला" म्हटलं की एकच उत्तर, "तुझी श्रद्धा नाही."

आज ती भांडली नाही. तिने घरून आणलेली बर्फाची पेटी उघडली, आतला संगमरवरी पोळपाट काढला आणि पाटीशेजारी ठेवला.

"वहिनी, हा काय चावटपणा?" दौलतराव खेकसला.

"थांबा की जरा!"

बघता बघता पोळपाटाला पाझर फुटला. कुणीतरी फिसकन हसलं.

"दौलतराव, हुतात्मा तुमच्याकडे, मग माझा पोळपाट कोणासाठी रडतोय? करपलेल्या पोळ्यांसाठी?"

"पाटीच्या... सहवासाने..."

"असं? मग पाटी राहू दे बाहेरच." आणि सुनेत्रा त्याच्या पेटीवरच ठाण मांडून बसली.

हळूहळू दोन्ही दगड कोमट झाले. तिने पुसले ते पुसलेच, पुन्हा टिपूस नाही. दौलतरावाच्या कपाळावर मात्र धारा लागल्या.

"समुद्रकाठची दमट हवा गार दगडाला लागली की पाणी धरतं," ती म्हणाली. "तुमच्या चष्म्यांवर रोज धरतं तेच. कोरड्या रियाधमध्ये ही पाटी थेंबभर रडली नसती. रोमच्या त्या भुयारात लोक आपल्या मेलेल्या माणसांसाठी दिवे लावायचे हो! त्यांच्या दुःखाचा बाजार मांडताना लाज नाही वाटली?"

मग ती कमलाकरकडे वळली. "अहो, मला तुम्ही हवे आहात."

कमलाकरने वाटी कुंडीत ओतली. "गाडी काढ, सुनेत्रा. दवाखान्यात जाऊ."

चष्म्यावर वाफ धरली तर पुसायची असते, बाबांनो. तिला नमस्कार नसतो करायचा.