वाफ्यातला गाणारा दगड

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा एक जुना दगड आहे. दगड नाही मी. फायबरचा आहे, आतून पोकळ आहे, आणि माझ्या पोटात एक स्पीकर बसवला आहे. अंगावरचं शेवाळंसुद्धा ब्रशने रंगवलेलं. फ्लोरिडातल्या एका मोठ्या थीम पार्कात, झेंडूच्या वाफ्यात, हिरव्या बाकाच्या मागे मला मांडलं, आणि तेव्हापासून मी रोज पाखरांसारखी शीळ घालतो.

सुरुवातीला मला याचा फार अभिमान वाटे. बायका थांबून एकमेकींना म्हणत, "काय गोड पाखरं आहेत इथली." मित्रांनो, इथे पाखरं नाहीतच. खरी पाखरं बाकावर शिटतात, म्हणून झाडांवर चिकट मलम फासून त्यांना हाकलून दिलं, आणि त्यांच्या जागी मला आणलं. हे कळलं तेव्हा मला माझ्याच गाण्याची शिसारी आली. ती अजून गेलेली नाही.

मग बाकीचंही दिसायला लागलं. समोरच्या बेकरीतून बिस्किटांचा वास येतो, तो भट्टीतून नव्हे, भिंतीतल्या नळीतून. वरच्या मजल्यावर खिडक्या आहेत, पडदे आहेत, मागे खोल्या नाहीत. म्हणायला हा गावातला चौक; पण या गावात ना शाळा, ना स्मशान. कुणी चक्कर येऊन पडलं तर पार्कात कामाला असलेली हसरी पोरं छत्र्या उघडून आडोसा करतात आणि माझा आवाज वाढवतात. कामाच्या माणसांचे केस किती लांब असावेत, नखं कोणत्या रंगाची, हसू केवढं, सगळं वरून ठरून येतं. 'माहीत नाही' म्हणायचं नाही. आणि पाहुण्यांच्या देखत बसायचं नाही. पाय मोडला तरी नाही.

व्हर्ना टिलरी याच चौकात झाडू मारायची. उंच, हाडापेराने मोठी बाई, पण गुडघे पार गेलेले. तिच्या जोडीला इराइदा होती, पोर्टो रिकोची, जिभेने तिखट. दोघी पॉपकॉर्न गोळा करता करता बोलायच्या ते ओठ न हलवता, कारण ओठांवर हसू ठेवावं लागे.

"मिस व्हर्ना, गुडघा काय म्हणतोय?"

"माझा कुठे राहिलाय तो. पार्काचा झालाय. बघ, हसतोय."

"टेका की जरा. मी आड उभी राहते."

"तू? तुझ्याआड मांजर लपायचं नाही, काडी कुठली." मग बाकाकडे तिरपं बघून व्हर्ना म्हणायची, "मेल्यावर आणून बसवा मला इथे. बघते कोण ऊठ म्हणतंय ते. एमोसलाही सांगून ठेवलंय."

एमोस म्हणजे तिचा नवरा.

व्हर्ना आजारात गेली. ज्या सकाळी बातमी आली, त्या सकाळीही चौकात सगळ्यांना हसायचंच होतं. इराइदा हसली. तसलं हसू पुन्हा बघायची माझी तयारी नाही.

काही दिवसांनी एमोस आला. एवढ्या उकाड्यात कोट, टाय. बाकाच्या एका कडेला बसला, शेजारी जागा राखून. खिशातून त्याने औषधांच्या नारिंगी बाटल्या काढल्या. गेटवर पिशव्या उलट्या करून बघतात, पण म्हाताऱ्याच्या गोळ्यांकडे कोण बघतं? आत गोळ्या नव्हत्या, व्हर्नाची राख होती; एकेक बाटली त्याने मागे वळून वाफ्यात, माझ्या अंगाशी रिकामी केली.

"बस आता," तो म्हणाला. "घाई नाही कसली."

असं करणारा तो पहिला नव्हता. आपल्या माणसांची राख घेऊन इथे लोक येतच असतात. यापेक्षा आनंदाची जागा नाही, असं त्यांच्या मनात भरवलेलं असतं. पार्कात त्या राखेला 'बारीक धूळ' म्हणतात, आणि तिच्यासाठी एक वेगळा व्हॅक्यूम क्लीनर आहे. व्हर्नाने तो कितीदा ओढला होता. पण असलं घरी जाऊन नवऱ्याला काय सांगणार? एमोसला त्याचा पत्ताच नव्हता.

कॅमेऱ्याने पाहिलं. थोड्याच वेळात ट्रेंट नावाचा सुपरवायझर हसत आला. त्याच्या मागे मशीन ओढत इराइदा.

"सर, दिवस आनंदात चाललाय ना आपला?"

"बायकोजवळ बसलोय."

"फारच छान. जरा पलीकडच्या बाकावर येता का? इथे थोडी स्वच्छता करायची आहे."

"तुमची स्वच्छता तिने जन्मभर केली, बाळा. आज ती बसलीय."

ट्रेंटचं हसू तसूभर हललं नाही. "इराइदा, बारीक धूळ आहे. उरका."

"ही मिस व्हर्ना आहे."

"पाहुणे बघताहेत."

"बघू दे. मी नाही करायची."

"मग मशीन इकडे द्या आणि बॅज काढून ठेवा."

बॅज गेला की पार्काने दिलेली खोलीही जाते. इराइदाने बॅजवर हात ठेवला. मग तो काढून कचऱ्याच्या डब्यावर ठेवला, आणि भर चौकात, सगळ्यांच्या देखत, बाकावर बसली.

"सरका थोडं, मिस्टर एमोस."

"मधे व्हर्ना आहे," तो म्हणाला.

"मग या बाजूला सरकते."

ट्रेंटने स्वतःच मशीन लावलं. त्याची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून माझा आवाज वाढवला गेला. मित्रांनो, बाईला नळीने ओढून नेत होते आणि वर मी वसंत ऋतूतली शीळ घालत होतो. जाणारे लोक म्हणत होते, काय गोड पाखरं. माझ्या आयुष्यात याहून किळसवाणं काही घडलेलं नाही. मग दोन हसऱ्या पोरांनी त्या दोघांना मागच्या दाराने बाहेर नेलं. वाफ्यात नवा झेंडू लावला.

पण माझ्या पाठीला एक जाळी आहे. तिच्यातून मूठभर राख आत उतरली होती, आणि नळीचं तोंड तिथे शिरत नव्हतं. आता माझी शीळ खरखरते. दुरुस्तीवाला येऊन कान लावून गेला; मला काढून नवा दगड बसवणार आहेत.

बसवू देत. माझं फक्त एवढंच मागणं आहे. अशा जागी गेलात आणि झाडू मारणारी बाई दिसली, तर सरकून तिला जागा द्या. ती नाही म्हणेल, तरी द्या. आणि कुठल्या भंगारात खरखरणारा रंगीत दगड सापडला, तर त्याला उलटा करून झटकू नका. आत व्हर्ना बसली आहे.