मागे राहिलेला जुळा

मी एक जुना कणमोजक आहे, मित्रांनो. चहाच्या डब्याएवढा, ॲल्युमिनियमचा, पुढे एक तोंड आणि मागे एक तोंड. आधीच सांगून टाकतो, नंतर हिरमोड नको: मी अंतराळात गेलेलो नाही. गेला तो माझा जुळा भाऊ. यान बनवणारी माणसं आमच्यासारखी यंत्रं दोन दोन करतात. एक उडतं आणि दुसरं कपाटात राहतं, पहिल्याला काही झालं तर असावं म्हणून. माझ्या भावाला काहीसुद्धा झालं नाही. मग बसलो मी कपाटात! खोटं कशाला बोलू, सुरुवातीला फार राग यायचा.

आमचं चित्र, म्हणजे कुठली तार कुठे जोडायची त्याचा आराखडा, काढलं आमच्या शास्त्रज्ञ बाईंनी. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि ती त्यांची पहिलीच नोकरी होती. त्यांचा विषय अंतराळातला प्लाझ्मा. अतिशय उष्णतेने अणू फुटतात, विजेचा भार असलेले कण सुटे होतात आणि वाऱ्यासारखे वाहू लागतात, तो प्लाझ्मा. शेजारच्या आजींना मात्र हे कधी पटलं नाही. प्लाझ्माची डॉक्टर म्हणजे रक्ताचीच, असं धरून त्या दर महिन्याला आपला रिपोर्ट घेऊन यायच्या. शेवटी बाई तो वाचायला शिकल्या. "साखर जरा बेतानं हं, आजी," असं सांगून त्यांना घरी पाठवायच्या.

आम्हाला घडवलं मामांनी. मामा म्हणजे वायरिंगचे कारागीर. सगळी प्रयोगशाळा त्यांना मामाच म्हणायची. डोळ्याला भिंग लावून ते केसाएवढ्या तारा डाख देऊन जोडायचे, आणि बाई शेजारी स्टुलावर बसून चुका शोधायच्या.

"ताई, तुम्ही चहा घेऊन या बरं," मामा म्हणायचे. "तुमच्या श्वासानं माझा हात हलतो."

भावाला एका मोठ्या ग्रहाच्या मागे, सावलीत जायचं होतं. आम्हाला ऊन सोसत नाही, म्हणून उन्हात आमच्या तोंडांवर झाकणं असतात. सावलीत झाकणं उघडली, की पुढच्या तोंडात किती कण शिरले आणि मागच्यात किती, एवढंच मोजायचं. त्यावरून तो वारा कुठून कुठे वाहतो ते कळतं. आम्ही तयार होण्यातच पाच वर्षं गेली; उड्डाणानंतर सहा वर्षांनी भाऊ पोचला आणि आकडे आले. सगळे म्हणत होते, वारा ग्रहापासून दूर वाहत असणार. भावाचे आकडे म्हणाले, ग्रहाकडे! बाईंनी वर्षभर रात्रंदिवस आकडेमोड करून तो शोध छापला. मग काय विचारता! भाषणं झाली, सत्कार झाले, पाठ्यपुस्तकात धडा आला. मी मात्र फायलींवरचं वजन झालो.

अशी एकोणीस वर्षं गेली. भाऊ अकरा वर्षं काम करून गप्प झाला होता. मग दुसऱ्या कुणाचं तरी नवं यान त्याच सावलीत गेलं आणि म्हणालं, छे, वारा ग्रहापासून दूरच वाहतो. बाईंचे केस आता पांढरे झाले होते आणि निवृत्तीला वर्ष उरलं होतं. त्यांनी मला फायलींवरून उचललं, पदराने पुसलं.

"चल रे बाबा," त्या म्हणाल्या. "आता तुझीच साक्ष."

हवा काढून घेतलेल्या टाकीत त्यांनी मला ठेवलं आणि पुढच्या तोंडावर कणांचा झोत सोडला. उड्डाणाआधी आम्हाला जिने तपासलं होतं ती केबल कधीच भंगारात गेली होती, म्हणून यानातल्या जोडणीच्या नोंदी बघून बाईंनी एकेक तार स्वतः जोडली होती. आकडे 'पुढे' या रकान्यात यायला हवे होते. ते आले 'मागे' या रकान्यात. मित्रांनो, मला जमलं असतं तर त्या क्षणी मी एक कणसुद्धा मोजला नसता. पण यंत्राला गप्प बसता येत नाही.

बाईंनी चार वेळा करून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं. माझ्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. भावाच्याही झाली असणार, कारण चित्र एकच. आणि तपासणीची केबलही त्याच चित्रावरून केलेली, त्यामुळे तेव्हा उलट्याचं पुन्हा उलटं होऊन सगळं सुलट दिसलं होतं. यानातली जोडणी मात्र सरळ होती, म्हणून तिथे उलटं ते उलटंच राहिलं.

त्यांनी मामांना फोन लावला. मामा आता ऐंशीचे होते.

"माझाच हात चुकला असणार, ताई," मामा घाईघाईने म्हणाले. "द्या ढकलून माझ्यावर. मला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात, माझं कोण काय वाकडं करणार?"

मी घाबरलो. किती सोपं होतं ते! पण बाईंनी जुनं चित्र टेबलावर पसरलं आणि तारांच्या क्रमांकांवर बोट ठेवलं.

"मामा, अक्षर माझं आहे. मी जे काढलं तेच तुम्ही जोडलंत, अगदी तंतोतंत."

"मग आता काय हो?"

"आता लिहायचं, चूक माझी म्हणून."

आणि त्यांनी लिहिलं. त्या दिवशी मला बाईंचा इतका अभिमान वाटला, की कपाटातल्या सगळ्या वर्षांचा राग निवला. लोकांनी तोंडावर कौतुक केलं, पाठीमागे हसले. पुस्तकातला धडा गेला. पण काही जणांनी भावाच्या आकड्यांचे रकाने उलटे करून वाचले, आणि ते नव्या यानाशी बरोब्बर जुळले! त्या अकरा वर्षांतला तो वारा माझ्या भावाशिवाय कुणीच पाहिलेला नाही. ते आकडे आजही कामाला येतात.

परवा नवी तंत्रज्ञ मला हातात घेऊन बसली होती. मुलगी मनाने फार चांगली. "बिचाऱ्याच्या दोन तारा उलट्या आहेत, देते सरळ करून," असं म्हणून तिने डाखाचं यंत्र तापवलंसुद्धा. नशीब, निवृत्त झालेल्या बाई त्याच दिवशी सगळ्यांना भेटायला आल्या होत्या.

"अगं, हात लावू नकोस त्याला!" त्या दारातूनच ओरडल्या. मग शेजारी बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं आणि माझ्या गळ्यात एक चिठ्ठी बांधली.

पण चिठ्ठ्या गळून पडतात, आणि बाई रोज येणार नाहीत. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो, मित्रांनो. माझी धूळ पुसा, मला ओलीपासून जपा, हवं तर पुन्हा फायलींवर ठेवा. पण माझ्या त्या दोन तारा तशाच राहू द्या. भावाला आता कुणी परत आणून तपासू शकत नाही, त्याचे आकडे उलटे का वाचायचे, हे त्याच्या वतीने सांगणारा मी एकटाच आहे. तुम्ही मला सरळ केलंत, तर तो कायमचा खोटा ठरेल.