ग्रॅहम कुणावर रेलला

ग्रॅहम बेचाळीस शर्यती धावला आणि एक जिंकला. त्या एका शर्यतीत बाकीचे सातही कुत्रे पहिल्या वळणावर एकमेकांच्या पायांत अडकून पडले, आणि ग्रॅहम तोवर तिथे पोचलाच नव्हता. आळसाचं फळ मिळालेला माझ्या ओळखीतला तो एकटाच. मी अजून वाट बघतोय.

पाचव्या वर्षी त्याला निवृत्त केलं आणि आमच्या जवळच्या वॉरगल गावातल्या एका संस्थेने त्याच्यासाठी घर शोधायला घेतलं; ते घर माझं निघालं. कागदावर त्याचं शर्यतीचं नाव होतं ‘थंडर वॉरंट’. त्या नावाने हाक मारली की तो मागे वळून बघायचा, दुसरं कुणी आलंय का म्हणून. तुमचा अर्ज हरवलाय हे सांगताना मनापासून वाईट वाटणारे काही सरकारी कारकून असतात, तसा त्याचा चेहरा. म्हणून मी त्याला कारकुनाला शोभेल असं ग्रॅहम म्हणायला लागलो. त्या हाकेलाही तो आला नाही. पण निदान मागे बघणं थांबलं.

शर्यतीच्या कुत्र्याला घर म्हणजे काय ते माहीत नसतं. काच माहीत नसते, म्हणून पहिल्या दिवशी ग्रॅहम मागच्या बंद दारातून सरळ अंगणात जायला निघाला आणि दारावर डोकं आपटल्यावर दाराचीच माफी मागितल्यासारखा उभा राहिला. बसणंसुद्धा माहीत नसतं. पळणाऱ्याला बसायला कोण शिकवणार? तो एक तर उभा असायचा, नाहीतर आडवा. संध्याकाळी मी सोफ्यावर आणि तो शेजारी ताठ उभा, असे आम्ही दोघं टीव्ही बघायचो. लांबून कुणाला वाटलं असतं, हा बसची वाट बघतोय आणि मी बस आहे.

त्याला माहीत नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे एकटं राहणं. जन्मापासून पिंजऱ्यांची रांग, डावीकडे एक कुत्रा, उजवीकडे एक. संस्थेच्या नोलीनबाईंनी हे मला दोनदा बजावलं होतं. अर्जावर रकाना होता: घरात माणसं किती? मी लिहिलं, चार.

आता हे चार कोण, ते सांगतो. आई पर्थला असते, नव्या नवऱ्यासोबत आणि त्याच्या बोटीसोबत. बाबा क्वीन्सलंडला असतात. त्यांना काहीही कळवलं की उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र येतं. मला न्यूमोनिया झाला होता तेव्हाही अंगठाच आला होता. बहीण लंडनला. चौथा मी, दूध कारखान्यात सकाळी सहा ते दोन. घर मात्र तेच आहे. तेव्हा चार हा आकडा खोटा नव्हता. जुना होता.

सहा आठवडे कुत्रा सांभाळून बघायचा, मग नोलीनबाई घरी येऊन ठरवणार, असा नियम होता. कुत्रा देताना त्यांनी एक खूण सांगितली होती. ग्रेहाउंड जातीचे हे कुत्रे जीभ लावून चाटत नाहीत, अंगावर उड्या मारत नाहीत. ज्याच्यावर विश्वास बसला त्याच्यावर ते रेलतात. सगळं तीस किलो वजन त्याच्या मांडीवर टाकून उभे राहतात. घाई करू नकोस, म्हणाल्या होत्या, तो आपणहून येईल.

मी घाई केली नाही. फक्त सहा आठवडे रेलता येईल असा उभा राहिलो. भांडी घासताना एक पाय थोडा बाहेर काढून. दात घासताना. एकदा तर पावाला लोणी लावताना बराच वेळ एका पायावर. ग्रॅहम यायचा, माझ्या पायाकडे कुतूहलाने बघायचा आणि फ्रिजवर रेलायचा.

तरी कामावरून येऊन मी कुलूप काढलं की तो दाराशी असायचा. शेपटी भिंतीवर इतकी आपटायचा की तिथला रंग उडाला. गेल्या चार वर्षांत माझ्या येण्यामुळे कशाचाही रंग उडाला नव्हता.

सहाव्या आठवड्यात शेजारचा क्लेम भेटला. आमच्या दोघांच्या घरांमधली भिंत एकच. सत्तरी उलटलेला, काटकुळा माणूस, गेल्या हिवाळ्यात राहायला आला होता. कुत्र्याकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. ग्रॅहम अंगणात आला की हा आत जायचा. त्या दिवशी कचऱ्याचा डबा ओढताना खाली बघूनच त्याने सांगितलं, “तुझा कुत्रा सहा ते दोन रडतो. साडेदहाला दहा मिनिटं सुट्टी घेतो.”

मी माफी मागितली. तो म्हणाला, माफी मागण्यासारखं काही नाही, चहा त्याच वेळी ठेवतो मी.

आणि त्याच आठवड्यात नोलीनबाईंचा फोन आला. शनिवारी अकरा वाजता येते, सगळे जण घरी असा.

सगळे जण. मी आईला फोन लावला, ती बोटीवर होती. बाबांना विचारलं, एक दिवस येता का. अंगठा आला. मी क्षणभर आनंदलो, मग खुलासा आला, की कल्पना छान आहे, पण जमणार नाही. बहिणीला विचारलंच नाही. कुत्र्यासाठी लंडनहून ये म्हणणं बरं दिसत नाही, आणि ती नाही म्हणाली असती तर ते त्याहून बरं दिसलं नसतं.

मग मी बिअरचा एक खोका घेऊन क्लेमच्या दाराशी गेलो. सांगितलं, शनिवारी अर्धा तास माझे वडील व्हायचंय. बोलायची गरज नाही, माझे खरे वडीलही बोलत नाहीत. आई आणि बहीण बाजारात गेल्यात असं मी सांगेन. क्लेमने खोक्याकडे पाहिलं.

“आणि नाही म्हटलं तर कुत्रा परत जाणार?”

“हो.”

“कुठे?”

पुन्हा पिंजऱ्यात, मी म्हटलं, दुसरं घर मिळेपर्यंत. पाच वर्षांच्या, एकच शर्यत जिंकलेल्या, रडक्या कुत्र्याला. क्लेमने खोका आत घेतला आणि दार लावलं. याला मी होकार समजलो.

शनिवारी तो आला तेव्हा त्याने केस पाण्याने चापून बसवले होते आणि टाय लावला होता. मी म्हटलं, अहो, घरात बाप टाय लावून बसत नाही. तो म्हणाला, मला काय माहीत. टाय काढून त्याने खिशात ठेवला. ग्रॅहम तेव्हा आतल्या खोलीत माझ्या गादीवर झोपला होता.

अकराला नोलीनबाई आल्या. साठीच्या, चिखलाचे बूट दाराबाहेर काढून ठेवणाऱ्या. मी म्हटलं, हे माझे बाबा. आई आणि बहीण एवढ्यात—

“क्लेम,” त्या म्हणाल्या.

“नोलीन,” माझे बाबा म्हणाले.

मी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“चाळीस वर्षं ओळखते मी याला,” नोलीनबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “इथपासून सेल गावापर्यंत असं एक मैदान नाही जिथे याचे कुत्रे पळाले नाहीत. याच्या घरात पोर सोड, कॅलेंडरसुद्धा नव्हतं.”

आमच्या अख्ख्या गिप्सलंड भागात शर्यतीच्या कुत्र्यांच्या माणसांना न ओळखणारा एक मीच होतो, आणि खोटा बाप म्हणून मी नेमका त्यातलाच एक निवडला होता. मी म्हटलं, बाबा, तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात ग्रॅहम उठून बाहेर आला. नोलीनबाईंचा हात हुंगला. माझ्यासमोरून गेला, मी सवयीने पाय बाहेर काढला होता. तो सरळ क्लेमपाशी गेला, वळला, आणि हळूच, एखादं कपाट भिंतीला लावावं तसा, त्याच्या मांडीवर सगळा रेलला. डोळे मिटले.

क्लेमने दोन्ही हात वर केले. बँकेत दरोडा पडल्यावर करतात तसे. ते हात बराच वेळ वरच होते. मग उजवा हात खाली आला आणि नकळत ग्रॅहमचा कान उलटा करून आत गोंदलेले शर्यतीच्या कुत्र्याचे ओळखीचे आकडे बघू लागला. डोळ्यांआधी बोटांनीच वाचल्यासारखे.

“आमच्या वेळी हे नव्हतं,” तो म्हणाला. “घर शोधणं वगैरे. पळायचं संपलं की बंदूक घेऊन मागच्या कुरणात न्यायचं. मीच न्यायचो. तसलं काम दुसऱ्याला सांगू नये.”

“माहीत आहे,” नोलीनबाई म्हणाल्या. “दोन मी मागितले होते तुझ्याकडे.”

“हो.”

“दिले नाहीस.”

“नाही दिले.” मग कानावरून अंगठा फिरवत, “तेही असेच रेलायचे. नेताना.”

ग्रॅहमला यातलं काही माहीत नव्हतं, किंवा होतं आणि त्याला मान्य होतं. तो झोपी गेला. उभ्याउभ्या.

नोलीनबाईंनी कागद काढले. मला म्हणाल्या, तू वाईट मुलगा नाहीस, पण आठ तास रडणारा कुत्रा मी इथे ठेवू शकत नाही. आज सोबत नेते. मी म्हटलं, नोकरी सोडतो. त्यांनी विचारलं, मग खाशील काय? मी म्हटलं, त्याला कारखान्यात नेतो, दुधाकडे तो बघत नाही. त्या थांबल्या. विनोद संपायची वाट बघणारी माणसं असतात, तशा. आणि विनोद संपले. एवढे लवकर ते कधी संपले नव्हते.

मी ग्रॅहमकडे पाहिलं. त्याच्या खालच्या ओठाचा एक कोपरा क्लेमच्या पँटीत अडकून वर गेला होता, त्यामुळे तो हसल्यासारखा दिसत होता. माझ्याकडे असताना तो असा कधी दिसला नाही. सहा आठवड्यांत एकदाही.

“क्लेमकडे ठेवा,” मी म्हटलं. “ते दिवसभर घरी असतात.”

“छे,” क्लेम म्हणाला. “मला कुत्रं चालत नाही.”

“कुत्र्याला तुम्ही चालताय.”

“पोरा, तुला आत्ता सांगितलं ना मी काय केलंय?”

“मला सांगितलंत. त्याला सांगा.”

क्लेमने खाली पाहिलं. सांगेल असं एक क्षण मला वाटलं; त्याचे ओठ हललेसुद्धा. पण कान हातात होता आणि तो काही त्याला सोडवेना. नोलीनबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना तो होकार द्यायचा नव्हता, हे मला दिसत होतं. शेवटी त्या तसंच बाहेर बघत म्हणाल्या, “दर सोमवारी येईन मी. न सांगता.”

“ये,” क्लेम म्हणाला.

कागद त्याच्या नावाचा झाला. एका कुत्र्याला एकच घर, नियम आहे. माझा हक्क सोडल्याची सही मी केली. पेन चालेना म्हणून दोनदा करावी लागली. मग मी ग्रॅहमचा बिछाना गुंडाळला, भांडं धुतलं, आणि दोन्ही घेऊन शेजारी पोचवायला गेलो. नऊ पावलं पडतात. ग्रॅहम माझ्याआधी आत गेला होता. क्लेमच्या घरात एक खुर्ची होती, एक कप होता. बिअरचा खोका तसाच बंद, कोपऱ्यात. बिछाना कुठे घालायचा याचा आम्ही दोघांनी जरुरीपेक्षा जास्त विचार केला, मग ग्रॅहम मध्येच उघड्या फरशीवर आडवा झाला आणि प्रश्न सुटला.

मी निघालो. दाराशी क्लेम म्हणाला, “माझे गुडघे गेलेत. त्याला फिरवायला कुणीतरी लागेल.”

मी म्हटलं, बघतो कुणी मिळतं का.

“पाच वाजता,” तो म्हणाला आणि दार लावलं.

मी माझ्या घरी आलो. भिंतीला कान लावला. पलीकडून कुणी रडत नव्हतं. अगदी काहीच ऐकू येत नव्हतं. तसाच थोडा वेळ उभा राहिलो, भिंतीला टेकून. घड्याळात साडेबारा वाजले होते. मी फिरायचे बूट शोधले, घातले, नाड्या बांधल्या, आणि सोफ्यावर जाऊन बसलो.